टिंब

फजाराच्या प्रयोगशाळेत वीज असते तोवर
मी यकृताचे तुकडे वाचते.
सुईत मावतील एवढे तुकडे,
नाव नाही, फक्त क्रमांक.
एका ताटलीत शहाण्णव खळगे,
मुंगीची तहान भागेल एवढंच पाणी प्रत्येकात.

त्यातला एक सिरिफोचा आहे.
कुठला, ते मला सांगायचं नाही असा नियम आहे
आणि मीही विचारलेलं नाही.

सिरिफो माझा थोरला भाऊ.
बास्सेला, नदीकाठच्या खरेदीकेंद्रावर
बावीस हंगाम काट्यापाशी उभा राहिला.
भुईमुगाचे ढीग घरांपेक्षा उंच व्हायचे,
आणि हा प्रत्येक पोत्यातली एक शेंग फोडून चावायचा.
"मालाची चौकशी जिभेकडे करावी."
खवट लागली की थू.
जी बुरशी खवट लागत नाही
ती गिळली जायची.

विषाणू त्याच्याही आधीचा,
एका परातीतल्या भातासारखा
भावंडांनी वाटून घेतलेला.
मी शेंडेफळ. माझ्या पाळीपर्यंत
गावात लस आली होती.
एवढाच आमच्यातला फरक, एका टोचणीचा.

लहानपणी लाकडी पाटीवर
काजळीच्या शाईनं लिहायचो.
उस्ताद फोदे जाब्बी रागवायचे नाहीत,
नुसतं बोट ठेवायचे:
त्याच दातऱ्यावर टिंब खाली दिलं तर ब,
वर गेलं की न.
सिरिफोची टिंबं नेहमी भरकटायची.

पेशीतही टिंबं असतात.
ग्रंथ एकच, डोळ्यात तोच, कातडीत तोच,
पण डोळ्याची पानं यकृतात मिटलेली,
यकृताला कुठे काय पाहायचंय.
कुठलं पान झाकायचं ते टिंबं ठरवतात.
मग वर्षानुवर्षं सूज, व्रण, पुन्हा सूज,
आणि टिंबं भलतीकडे पडू लागतात.
नेमकी "थांब" या शब्दावर दाट.
थांब खोडलेला नसतो.
आहे तिथेच आहे, ठळक,
फक्त कुणाला वाचता येत नाही.
आणि जी पानं पिढ्यान्‌पिढ्या झोपवून ठेवली होती
त्यांचं पांघरूण उडतं,
ती बरळायला लागतात.

एखाद्या जागी अक्षरसुद्धा फिरलेलं सापडतं,
ती बुरशीची सही.
बाकी मैलोन्‌मैल मजकूर
कानामात्रेचाही फरक नाही,
आणि माणूस मरतो.

रात्रभर मी नमुने एका क्षारात ठेवते.
ज्या अक्षरावर टिंब नाही ते बदलून जातं,
टिंबवालं तग धरतं.
सकाळी यंत्र दोघांतला फरक सांगतं.
पाटी धुताना असं नव्हतं,
पाणी सगळंच घेऊन जायचं,
आणि आई ते काळसर पाणी
बाटलीत भरून ठेवायची, दुखण्याखुपण्याला.

गेल्या महिन्यात तिनं ते सिरिफोला पाजलं.
मी तिथेच होते.
पेला मीच धरला.

टिंब पुसता येतं, असं आता लिहितात.
औषधं आहेत, पण सरसकट पुसतात,
हवी ती टिंबंही,
आणि ती बास्सेपर्यंत येत नाहीत.
हे मी त्याला सांगितलं नाही.
त्याला डोळ्यांचा पिवळेपणा दिसू नये म्हणून
वहिनीनं आरसा हलवलाय, तेही सांगितलं नाही.

काल फोनवर आवाज पातळ होता.
"यंदा भाव काय फुटला?"
माहीत नाही, म्हटलं.
"विचार ना कुणाला."
मग बराच वेळ नुसता श्वास.
मला वाटलं, आता तो क्रमांकाचं विचारणार.

"आणि त्या पोरांना सांग,
पोती थेट जमिनीवर रचू नका.
खालून ओल धरते.
वरून बघून काही कळत नाही."